दुर्बलता, मृत्यू आणि शांती : टिळक दांपत्याच्या जीवनाचा व लेखनाचा एक विचार

भिलाई-दुर्गहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग राजनांदगाववरून जातो. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी, १८९३ साली, नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांची गाठ याच मार्गावर, आगगाडीच्या डब्यात, एका युरोपीय प्रवाशाशी पडली. संभाषण काव्यावरून धर्माकडे वळले आणि निरोप घेताना त्या प्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनापाशी टिळकांचे मन खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु या श्रद्धेतून त्यांना लाभलेली शांती कोणत्या स्वरूपाची होती, हा प्रश्न अधिक विचारार्ह आहे.

शांती म्हणजे दुःखाचा अंत, असा अर्थ घेतल्यास टिळकांच्या चरित्रात ती आढळणार नाही. धर्मांतरामुळे आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंचा दीर्घ वियोग घडला. त्यांचा तापट आणि लहरी स्वभाव बाप्तिस्म्यानंतरही पुरता निवला नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी यातले काहीच झाकलेले नाही. या प्रांजळपणामुळेच तो ग्रंथ श्रद्धेचा विश्वसनीय साक्षीदार ठरतो. श्रद्धेने माणूस निर्दोष होतो असे तो सांगत नाही. आपल्या दोषांसह माणूस कोणाच्या तरी चरणी विसावू शकतो, एवढेच दाखवितो.

ख्रिस्ती चिंतनात या विसाव्याला विशिष्ट आधार आहे. गेथशेमाने बागेत मरणाच्या छायेत ख्रिस्त स्वतः व्याकुळ झाला, असे शुभवर्तमाने सांगतात. ज्या देवाने मानवी व्याकुळता स्वतः भोगली, त्याच्यापुढे आपली व्याकुळता लपविण्याचे कारण उरत नाही. टिळकांना ही शरणागती परकी वाटली नाही, कारण तिची भाषा त्यांना संतांकडून मिळालेली होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगाच्या रूपात सहज प्रकट झाली.

मृत्यूची जाणीव टिळकांच्या काव्यात ठळक आहे. 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील घायाळ पक्षिणी प्राण जात असतानाही पिलांकडे धाव घेते. मर्त्यता येथे करुणेला जागे करते. विरक्तीकडे नेत नाही. प्रत्यक्ष जीवनातही टिळकांना मृत्यूने जवळून गाठले. त्यांच्या घरी पुत्रवत वावरलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचेही मुंबईत देहावसान झाले. तत्पूर्वी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान होते. आयुष्याची संध्याकाळ त्यांनी सुरक्षिततेत न घालविता सर्वांसाठी दार उघडण्यात घालविली.

लक्ष्मीबाईंचा मार्ग निराळा होता. त्यांना शांती ग्रंथवाचनातून वा वादविवादातून लाभली नाही. जातिभेद माणसानेच निर्माण केला, या साध्या विचाराने त्यांच्या मनातील एकेक भिंत ढासळत गेली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या पश्चात त्यांची श्रद्धा कसाला लागली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्याची थोडीच प्रकरणे लिहून झाली होती. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने ते अपूर्ण कार्य हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. १९३६ साली त्यांचेही निधन झाले. अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. शोकाला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा राहिलेले काम पुढे नेऊन देणे, ही त्यांची रीत.

या दांपत्याच्या उदाहरणावरून एवढे निश्चित म्हणता येते की श्रद्धेतून येणारी शांती दुर्बलतेला नाहीशी करीत नाही, मृत्यूलाही टाळीत नाही. ती माणसाच्या मनातील भय कमी करते, आणि भयातून मोकळे झालेले मन इतरांकडे वळते. 'ख्रिस्तायन' तीन हातांनी पूर्ण झाले. एकट्याचे आयुष्य अपुरे पडले तरी हाती घेतलेले काम अपुरे राहतेच असे नाही, हा दिलासा त्या ग्रंथाच्या जन्मकथेतच आहे.