घाई कुठे महागात पडते

दवाखान्याचा जिना धापा टाकत चढलेला पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच हात पुढे करतो. “डॉक्टर, बीपी तेवढं पटकन बघा, खाली गाडी डबल पार्क केलीय.” आकडा येतो 156/94. एवढ्यावरून औषध सुरू करायचं का? मुळीच नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं असतं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवी तुंबलेली नको. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. यातलं काहीच न पाळता निघालेला आकडा पेशंटचा कमी आणि जिन्याचा जास्त असतो. घाई एकट्या पेशंटचीच असते असंही नाही. बाहेर वीस जण ताटकळत असले की डॉक्टरही शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात.

घाईने हार्ट अटॅक येतो का, या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. 1950 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रिडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराला नवल वाटलं. सीटचं कापड पुढच्या कडेलाच तेवढं झिजलं होतं. पेशंट नीट टेकून बसतच नव्हते. घड्याळाशी झटापट, सतत चढाओढ, चटकन चढणारा पारा या स्वभावाला दोघांनी ‘टाइप ए’ म्हटलं. तीन हजारांहून अधिक पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवल्यावर टाइप ए मंडळींत हृदयविकार जवळपास दुप्पट आढळला.

पुढच्या अभ्यासांत हे गणित जुळेना. 1988 मध्ये, त्याच पुरुषांपैकी ज्यांना हृदयविकार झाला होता त्यांचं पुढे काय झालं हे तपासलं, तर टाइप एवाले उलट जास्त तगलेले निघाले. सिगारेट कंपन्यांनी ‘टाइप ए’वरच्या संशोधनाला पैसा पुरवला होता हेही नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. दोष स्वभावावर गेला की सिगारेट नामानिराळी राहते, हे त्यांना चांगलंच कळत होतं. आज डॉक्टरांचा संशय घाईपेक्षा आत धुमसत राहणाऱ्या रागावर जास्त आहे. फ्रिडमन आपल्या पेशंटांना सराव म्हणून मुद्दाम सर्वांत लांब रांगेत उभं राहायला सांगत. आपल्याकडे हा उपाय रेशन दुकान न मागता पुरवतं.

तेव्हा ‘सावकाश जगा’ हा सल्ला बदलापूरहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईला ऐकवण्यात अर्थ नाही. घाई नेमकी कुठे अंगाशी येते, तेवढं पाहावं.

ताटावर ती हमखास येते. जेवताना जठर ताणलं जातं, आतड्यातून हार्मोन्स सुटतात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पुरता पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत डबा फस्त करणाऱ्याला हा निरोप मिळतो तेव्हा दोन पोळ्या जास्तीच्या गेलेल्या असतात. शिवाय अन्नाबरोबर हवा गिळली जाते; दुपारभर ढेकर आणि पोटफुगी, आणि खापर फुटतं डाळीवर. उपाय साधा आहे. तोंडातला घास गिळेपर्यंत पुढचा घास मोडायचा नाही.

लघवीच्या बाबतीतली घाई कुणी बोलून दाखवत नाही. शिक्षिका, एसटीच्या महिला कंडक्टर, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस यांना वेळ नसतो आणि स्वच्छ जागाही नसते, म्हणून त्या पाणीच कमी पितात. मग जळजळ, वारंवार होणारं इन्फेक्शन, कधी मूतखडा. यात दोष बाईच्या सवयीचा कमी आणि बाथरूम न बांधणाऱ्यांचा जास्त. तरी दर तीन-चार तासांनी जावं, आणि गेल्यावर जोर लावून उरकू नये.

गोळ्यांचंही तसंच. पावसाळ्यात लेप्टोसाठी मिळणारी डॉक्सिसायक्लिन कोरडीच गिळून कुणी लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पाडू शकते. दोन दिवस छातीत जळजळ, घोटभर पाणी गिळतानाही कळ. ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये.

रस्त्यावरचा हिशेब तर पाचवीतलं पोरही करील. दहा किलोमीटर ताशी 40 च्या वेगाने पंधरा मिनिटांत होतात, 50 ने बारा. वाचली तीन मिनिटं, तीही पुढचा सिग्नल खातो.

गंमत म्हणजे जिथे खरोखर धावायला हवं तिथे हीच माणसं रेंगाळतात. छातीवर दडपण आणि दरदरून घाम आला की सोडा पिऊन ‘गॅस असेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबतात. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की आधी तेलाने चोळून बघतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे लगेच 108 ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावं, आणि पेशंट शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ती वेळ लिहून सोबत ठेवावी. कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.