उन्हाची भिंत

हिमालयाच्या पलीकडे, सिंधू नदीच्या खोऱ्यात लेह हे लडाखातील मुख्य नगर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३५०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिणेकडील उतारावरच रिते होतात. त्यामुळे लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस मिळतो. सगळीकडे उघडे डोंगर दिसतात. हिरवाई असते ती ओढ्याकाठच्या शेतांत आणि त्यांच्या बांधांवर लावलेल्या वाळुंज व पॉप्लर या झाडांत. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. रात्री घागरीत भरून ठेवलेले पाणी सकाळी फोडून घ्यावे लागते.

महाराष्ट्रात थंडी पडली की एखादे जाड पांघरूण पुरते, फार तर अंगणात शेकोटी पेटते. लडाखात तेवढ्याने भागत नाही. तेथे घर तापविणे हे अन्नपाण्याइतकेच निकडीचे असते. शिवाय मोठ्या शहरांतल्याप्रमाणे नळाने घरोघर गॅस पोचविण्याची सोय तेथे नाही. मनालीकडून आणि श्रीनगरकडून येणारे उंच खिंडींतले रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. म्हणून जे जाळायचे ते हिवाळ्यापूर्वीच घरात आणून रचावे लागते.

अशा प्रदेशात नवी खोली बांधावयास निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. घरात आजोबा आहेत. लडाखी भाषेत त्यांना ‘मेमे’ म्हणतात. आजीला ‘अबी’ म्हणतात. वडील, आई, बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा तान्हा भाऊ अशी बाकीची मंडळी. मार्च महिना आहे. गेला हिवाळा सर्वांनी एका धुरकट स्वयंपाकघरात काढला असून अबीचा खोकला अजून थांबलेला नाही. वडिलांजवळ थोडी बचत शिल्लक आहे. तिच्यातून एकच खोली होईल आणि ती तापविण्याची एकच सोय करता येईल. निवड चुकली, तर पुढची कित्येक वर्षे ती चूक सोसावी लागेल.

जुन्या लडाखी घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. तळमजल्यावर जनावरे बांधीत आणि त्यांच्या अंगाची ऊब वरच्या खोल्यांना मिळे. हिवाळाभर सारे कुटुंब स्वयंपाकघरात चुलीभोवती राही. चुलीत प्रामुख्याने शेणाच्या गोवऱ्या जळत, कारण झाडे थोडी आणि घरे बांधण्यासाठी त्यांचीच लाकडे लागत. सारे शेण चुलीत गेल्यावर शेताला खत कोठून आणावयाचे? त्यासाठी लडाखी माणसाने कोरड्या शौचकूपाची पद्धत योजिली. मैल्यावर माती व राख टाकून वर्षभराने त्याचे खत शेतात नेतात. टंचाईत राहणारा माणूस काहीही वाया जाऊ देत नाही, तो असा.

मेमेंचे मत अर्थातच जुन्या पद्धतीकडे होते. “चांगली मोठी बुखारी आणा,” ते म्हणाले, “एवढे केले की झाले.”

बुखारी म्हणजे पत्र्याची किंवा लोखंडाची बंद शेगडी. तिच्यात लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा जाळतात; रॉकेलवर चालणाऱ्या बुखाऱ्याही असतात. धूर एका पत्र्याच्या नळकांड्यातून छपराबाहेर जातो. बुखारी पेटली की घटकाभरात खोली गरम होते, तिच्यावर चहाचे आधण ठेवता येते आणि तिच्याभोवती घर गोळा होते. हा मोठाच गुण आहे. पण ती विझली की खोली तितक्याच लवकर गारठते. एक लिटर रॉकेल जळाले म्हणजे विजेच्या सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता निर्माण होते. तिच्यातील बराच भाग मात्र नळकांड्यावाटे आकाशात जातो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही तर ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. नळकांड्यात काजळी साचलेली असली, सांधा निसटलेला असला किंवा उघडी शेगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या घट्ट लावल्या, तर हा वायू झोपलेल्या माणसांच्या रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. पुष्कळदा झोपलेला माणूस जागाच होत नाही. थंड प्रदेशांत दर हिवाळ्यात अशी माणसे दगावतात. म्हणून झोपण्यापूर्वी शेगडी विझवावी, नळकांडे वरचेवर साफ करावे आणि हवेला एक वाट मोकळी ठेवावी, हे नियम तेथे लहान मुलांनाही ठाऊक असावे लागतात.

“मग सिलिंडरचा गॅस घ्यावा,” आई म्हणाली. तिची सूचना वाजवी होती. स्वयंपाकाला तो घरात होताच. परंतु सिलिंडरमधील गॅस हा ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असतो. दाबाखाली तो द्रवरूपात राहतो आणि तोटी उघडली की त्याची वाफ होऊन बाहेर येते. ब्यूटेनची अशी वाफ होण्यास तापमान शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावे लागते. कडाक्याच्या थंडीत सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी मंदावते. जो खोली तापवावयाचा, त्यालाच आधी उबेत ठेवण्याची पाळी येते! शिवाय उघड्या ज्योतीचा हीटर खोलीतील प्राणवायू वापरतो, तेव्हा बुखारीविषयीची सावधगिरी येथेही सुटत नाही.

विजेचा विचार लवकर आटोपला. २०१९ साली श्रीनगरहून आलेल्या वाहिनीने लेह देशाच्या वीजजाळ्याला जोडले गेले. तत्पूर्वी लहान जलविद्युत केंद्रे आणि डिझेलची जनित्रे यांवरच मदार होती. हिवाळ्यात नद्या गोठू लागल्या की पाण्याची वीज घटे. २००० वॅटचा साधा हीटर आठ तास चालविला तर १६ युनिटे खर्च होतात, आणि वीज गेली की ऊबही जाते. उष्णता-पंप नावाचे एक यंत्र असते. शीतकपाट आतली उष्णता बाहेर टाकते. हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घरात आणते आणि त्यामुळे थोड्या विजेत अधिक ऊब देते. मात्र बाहेरची हवा जितकी थंड, तितका त्याचा लाभ कमी. शिवाय ते महाग आणि बिघडले तर दुरुस्त करणारा खेड्यात नाही.

येथवर सर्वांनी एकच प्रश्न विचारला होता: जाळायचे काय? त्या बारा वर्षांच्या मुलीने निराळाच प्रश्न काढला. “मेमे-ले, आपण एवढ्या गोवऱ्या जाळतो, ती ऊब जाते कोठे?” (लडाखी भाषेत ‘ले’ हा आदर दाखविणारा शब्द नावापुढे जोडतात, आपण ‘जी’ जोडतो तसा.)

प्रश्न साधा होता, पण खरी मेख तेथेच होती. गळक्या घागरीत पाणी भरीत राहणे आणि उघड्या घरात इंधन जाळीत राहणे ही एकाच जातीची कामे आहेत. तापलेली हवा वर जाते आणि पातळ छपरातून निसटते. खिडकीच्या एकेरी तावदानातून उष्णता पाझरते; दाराच्या फटीतून गार वारा आत शिरतो. तेव्हा शेगडी कोणतीही घेतली, तरी आधी छपरावर पेंढ्याचा, गवताचा वा लाकडाच्या भुश्याचा जाड थर हवा, खिडकीला दुहेरी तावदान हवे आणि दारापुढे लहानशी पडवी हवी. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. पेंढ्याच्या काड्यांत आणि दोन तावदानांच्या मध्ये तीच कोंडलेली असते.

आणि इंधन? ते तर रोज आकाशातून येत होते. लेहला वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते. भर दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर तेथे सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा पडते, म्हणजे एका लहान विजेच्या हीटरइतकी. हे ऊन घरात साठवून रात्री कसे वापरावे, यावर फ्रान्समधील फेलिक्स त्राँब या शास्त्रज्ञाने काम केले होते. १९६७ साली पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे त्याने आणि जाक मिशेल या वास्तुकाराने अशा भिंतीचे घर बांधले. तिला ‘त्राँब भिंत’ म्हणतात. पुढे ती लडाखातही आली. लेहजवळच्या फे गावी, १९८८ साली स्थापन झालेल्या सेकमोल या शिक्षणसंस्थेची मातीची वसतिगृहे उन्हावरच उबदार राहतात. शे येथील एका शाळेतही अशा भिंती आहेत.

या भिंतीची रचना अशी. खोलीची दक्षिणेकडील भिंत मातीच्या विटांची, चांगली हातभर जाड बांधतात. बाहेरून तिला काळा रंग देतात, कारण काळा रंग ऊन शोषून घेतो. तिच्यापुढे वीतभर अंतरावर काचेचे आवरण उभे करतात. ऊन काचेतून आत जाते, पण तापलेल्या भिंतीची ऊब काचेतून सहज बाहेर पडत नाही. भिंतीला खाली आणि वर झरोके ठेवतात. दिवसा काच व भिंत यांमधील हवा तापून वरच्या झरोक्यातून खोलीत येते आणि खोलीतील गार हवा खालच्या झरोक्यातून तिची जागा घ्यावयास जाते. सूर्य मावळला की झरोक्यांची झाकणे लावावी लागतात. विसरल्यास हाच प्रवाह उलटा वाहू लागून खोली थंड करतो. पण भिंतीचे मुख्य काम तेव्हाच सुरू होते. दुपारी बाहेरच्या अंगाने शिरलेली उष्णता जाड मातीतून हळूहळू सरकत आठ-दहा तासांनी आतल्या अंगाला पोचते. दुपारचे ऊन मध्यरात्री हाताला लागते!

“मग उन्हाळ्यात आपण भाजून निघू,” मेमे म्हणाले. त्याचे उत्तर सूर्यानेच दिलेले आहे. डिसेंबरात लेहच्या माथ्यावरचा दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर येतो, म्हणून त्याचे किरण तिरपे येऊन भिंतीवर सरळ आदळतात. जूनमध्ये तो ७९ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा छपराची थोडी पुढे काढलेली वळचण भिंतीला सावलीत ठेवते.

या भिंतीलाही मर्यादा आहेत. ज्या घरापुढे डोंगराची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते, त्याला तिचा उपयोग नाही. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले तर ती निवते. माती पाण्याला भिते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, तेव्हा कित्येक मातीची घरे कोसळली आणि अनेकांचा ओढा सिमेंटकडे वळला. काँक्रीटची भिंत पावसाला टिकते, पण तिच्यातून उष्णता भराभर निसटते आणि ते घर हिवाळ्यात बर्फासारखे होते. मातीचे घर हवे असेल, तर दगडी जोते उंच घ्यावे, जागा ओढ्याच्या वाटेपासून दूर निवडावी आणि छपरावरचे पाणी नीट काढून द्यावे, एवढी दक्षता घ्यावीच लागते.

अखेर घरच्यांनी ठरविले. मोठी बुखारी घ्यावयाची नाही. ते पैसे काच, दुहेरी तावदाने आणि छपरावरचा पेंढा यांत घालावयाचे; जुनी लहान बुखारी स्वयंपाकाला आणि ढगाळ दिवसांना ठेवावयाची. मेमे काही बोलले नाहीत. जे जळत नाही ते ऊब कशी देणार, ही शंका त्यांच्या मनात होतीच.

विटा उन्हाळ्यात पाडल्या. ओली माती गोठली तर ठिसूळ होते, म्हणून भिंत थंडीपूर्वी वाळणे जरूर होते. जवाची कापणी आणि गिलावा एकाच वेळी आल्यामुळे शेजारीपाजारी हाताशी आले आणि ऑक्टोबरात काच बसली.

जानेवारीतील एका संध्याकाळी मुलीने झरोक्यांची झाकणे लावली. बाहेर पारा शून्याखाली १८ अंशांवर होता. आत भिंतीवरचा तापमापक शून्यावर १३ दाखवीत होता. बुखारी त्या दिवशी फक्त स्वयंपाकापुरती पेटली होती. अबी भिंतीला पाठ टेकून लोकर कातीत बसली होती आणि तान्हे मूल शेजारी झोपले होते. मेमे उठले, पाय न वाजवता भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपले अंथरूण चुलीजवळून उचलून तेथे आणले.

मार्चमध्ये कोठीतील गोवऱ्यांची रास निम्मी उरली होती. त्या वर्षी गोठ्यातले शेण थापावयाचे थांबवून त्यांनी ते प्रथमच जवाच्या शेतात घातले.