'पॉवर' : एक इंग्रजी शब्द, अनेक मराठी अर्थच्छटा



भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर दीपनगरची उंच धुराडी दिसू लागतात. येथील प्रकल्पाचे इंग्रजी नाव 'भुसावळ थर्मल पॉवर स्टेशन' असे आहे, आणि मराठीत आपण त्याला 'भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र' म्हणतो. 'पॉवर'च्या जागी येथे 'विद्युत' आले आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'पॉवर'पुढे प्रथम बहुधा 'शक्ती' किंवा 'सत्ता' हे प्रतिशब्द सापडतील. परंतु 'शक्तिकेंद्र' म्हटले असते तर खानदेशातील श्रद्धाळू मनाला सप्तशृंगीची आठवण झाली असती, आणि 'सत्ताकेंद्र' म्हटले असते तर मुंबईच्या मंत्रालयाची. म्हणजे येथे अनुवादकाने शब्दाचा अनुवाद न करता वस्तूचा केला, आणि तो योग्य केला.

इंग्रजी 'पॉवर' हा शब्द फ्रेंचमार्गे मूळ लॅटिन क्रियापदापर्यंत जातो. त्या क्रियापदाचा अर्थ 'करू शकणे'. संस्कृतातील 'शक्' धातूचाही अर्थ हाच. त्यापासून 'शक्ती' हे नाम आले आणि आपले रोजचे 'शकणे' हे क्रियापदही आले. म्हणजे प्रारंभ दोन्हीकडे सारखा आहे. पुढे मात्र इंग्रजीने देहाचे, पदाचे, राज्याचे आणि यंत्राचे असे सर्व प्रकारचे 'करू शकणे' एकाच शब्दात साठवले, तर मराठीने त्याची वाटणी केली. त्यामुळे मराठी शब्द निवडताना आपल्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : हे सामर्थ्य आहे कोठे? धारकाच्या अंगी, त्याच्या पदात, की दुसऱ्यांवर चालणाऱ्या त्याच्या हुकमात?

अंगभूत सामर्थ्याचे शब्द पुष्कळ आहेत. 'शक्ती' ही आत असते, वापरली नाही तरी असते. स्मरणशक्ती, इच्छाशक्ती, क्रयशक्ती हे समास त्यातूनच घडले. 'बळ' अधिक देहाजवळचे आणि मोजता येण्याजोगे. म्हणून 'मनुष्यबळ' म्हणतात, 'मनुष्यशक्ती' क्वचित. बळाला एक काळी बाजूही आहे. 'बळेच', 'बळजबरी', 'बळी तो कान पिळी' या प्रयोगांत ते दुसऱ्यावर चालून जाते. 'सामर्थ्य' या शब्दात मात्र पात्रतेची छटा आहे. जो समर्थ, तो त्या कामास योग्यही असतो. अरबीतून आलेली 'ताकद' मूळची शरीराची, पण 'ताकदीचा नट' म्हणताना ती कलेतही शिरली. फारसी 'जोर' वाऱ्याला असतो, तापाला असतो, आणि आखाड्यात तो काढलाही जातो.

आता दुसरा गट पाहू. 'सत्ता' हा शब्द 'असणे' या अर्थाच्या 'सत्'पासून बनला. वेदान्तात पारमार्थिक सत्ता, व्यावहारिक सत्ता असे म्हणतात तेव्हा राज्यकारभाराचा संबंध नसतो. तेथे अस्तित्वाचा विचार असतो. आजच्या मराठीत मात्र सत्ता म्हणजे दुसऱ्यांवर चालणारा अंमल. 'अधिकार' याहून निराळा. तो कोणीतरी दिलेला असतो, त्याला मर्यादा असतात, आणि पद गेले की तोही जातो. तहसीलदाराला अधिकार असतात, सत्ता नसते. 'तहसीलदाराची सत्ता' असे लिहिले तर ती तक्रार होते. आणि जेथे पदही नाही, अंमलही नाही, तरी काम होते, तेथे मराठी माणूस 'वजन' किंवा 'वट' म्हणतो. इतका नेमका शब्द इंग्रजीला सहजी सापडणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी येथे विशेष जपावे. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. फलकांतून आणि परिपत्रकांतून हिंदी सतत डोळ्यांखालून जाते. (रेल्वेच्या बोलीत तर इंजिनालाच 'पॉवर' म्हणतात, हे जाता जाता.) भारतीय संविधानाच्या हिंदी पाठात राष्ट्रपतींच्या 'शक्ति'चा उल्लेख येतो आणि नागरिकांना 'मूल अधिकार' असतात. मराठी पाठात राष्ट्रपतींना 'अधिकार' असतात आणि नागरिकांना 'मूलभूत हक्क'. म्हणजे 'अधिकार' हा एकच शब्द हिंदीत नागरिकाच्या बाजूने उभा आहे, तर मराठीत तो पदाच्या बाजूने. हिंदीवरून मराठी करताना हा शब्द तसाच उचलला तर वाक्य शुद्ध राहते, परंतु कोणाचे काय आहे हे उलटे होते.

शब्दाचा अर्थ चुकल्याने प्रत्यक्ष हानी होऊ शकते ती दस्तऐवजांत. 'मी त्याला पॉवर दिली' असे आपण सर्रास ऐकतो. त्या कागदाचे मराठी नाव 'कुलमुखत्यारपत्र'. यातील 'कुल' म्हणजे कुळ किंवा घराणे असे अनेक जण समजतात आणि भावाभावांतला घरगुती कागद म्हणून सही करतात. वस्तुतः हा 'कुल' अरबी असून त्याचा अर्थ 'सर्व' असा आहे. 'कुल जमा' या प्रयोगात तोच आहे. 'मुखत्यार' म्हणजे निवडलेला, नेमलेला. एका कामापुरता नेमायचा असेल तर 'खास मुखत्यारपत्र' हा वेगळा प्रकार आहे. शेत विकण्यापूर्वी मोजणीच्या वेळी केवळ हजर राहण्यासाठी कोणी आपल्याकडून 'कुल' कागद मागत असेल, तर हा एक शब्द समजण्यावर जमीन अवलंबून असते.

शेवटी पुन्हा दीपनगर. विज्ञानाच्या परिभाषेत ऊर्जा आणि शक्ती हे समानार्थी शब्द नाहीत. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. दीपनगरच्या ५०० मेगावॉटच्या संचाचे '५०० मेगावॉट' ही त्याची शक्ती होय. तो पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर ५ लाख युनिट वीज निर्माण होते. ही झाली ऊर्जा. घरी येणारे बिल युनिटचे, म्हणजे ऊर्जेचे असते. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी मात्र अश्वशक्तीवर होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. रावेर-यावलकडील केळीच्या बागेतला ५ अश्वशक्तीचा पंप तासभर चालला तर ढोबळमानाने पावणेचार युनिट लागतात. तो किती तास चालला, हे मात्र अश्वशक्तीवरील आकारणीत दिसत नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोफत वीज योजनेची ७.५ अश्वशक्ती ही मर्यादाही शक्तीची आहे, ऊर्जेची नाही. 'वीज' हा तिसरा शब्द यांच्या मध्ये उभा आहे. तो संस्कृत 'विद्युत्'पासून प्राकृतमार्गे आला. आकाशात कडाडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीजच. वीजमंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले तेव्हा रूढ झालेल्या महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या नावांत यांपैकी एकही शब्द नाही.

गणितातील 'घात', भिंगाची 'शक्ती' आणि बोलण्यातला चष्म्याचा 'नंबर' यांची केवळ नोंद घ्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांतील 'पॉवर' या शब्दाऐवजी योग्य मराठी शब्द योजा व निवडीचे कारण दोन ओळींत लिहा. आवश्यक तेथे वाक्यरचना बदलण्यास हरकत नाही.

१. ग्रामसभेची पॉवर किती आहे, हे सदस्यांनाच ठाऊक नव्हते.
२. निवडणूक हरला तरी त्याची तालुक्यात पॉवर आहे.
३. आजारपणानंतर आजींच्या हातात पॉवर राहिली नाही.
४. धाकट्या भावाने परदेशी जाताना थोरल्याला पॉवर दिली.
५. रात्रभर पॉवर नव्हती, म्हणून बागेला पाणी देता आले नाही.