शहरी कपाट, रानातली वाट

प्रश्न : पुण्यातली नोकरी सोडून आम्ही मोहोळजवळच्या शेतावर राहायला आलोय. माझ्या जीन्स, लेगिंग्ज, शिफॉनच्या टॉप्सचं काय करू? टापटीप राहायचंय, पण रानातही वावरायचंय.

उत्तर : ताई, सगळं बाद करू नका, निवड करा. सोलापूरचा उन्हाळा ४० अंश ओलांडतो, म्हणून जाड जीन्स थंडीपुरती ठेवा. लेगिंग्जला कुसळं चिकटतात, शिफॉन बाभळीच्या काट्याला अडकून फाटतं. ते लग्नकार्याला वापरा. ज्वारीची पानं हाताला कापतात, तेव्हा रानात पूर्ण बाह्यांचा सैल सुती कुर्ता किंवा साहेबांचा जुना शर्ट घाला. पांढऱ्यावर काळ्या मातीचे डाग राहतात. गडद निळा, मेंदी रंग बरा. स्पोर्ट्स शूजच्या खाचांत ओली माती गच्च बसते, म्हणून सपाट तळाची चप्पल घ्या. रात्री पाणी द्यायला जाताना मात्र गमबूट आणि बॅटरी हवीच. साप-विंचवाशी गाठ आहे.

आणि ऐट? ती इथल्या पेहरावातच आहे. जुन्या इरकलीचा कुर्ता, खणाचं पोलकं, उन्हात डोक्याला सोलापुरी टॉवेल आणि हुरड्याच्या दिवसांत सोलापुरी चादरीचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून घ्या. पुण्याच्या मैत्रिणी शिंप्याचा पत्ता विचारतील!