१४४ चा मॉनिटर ६० वर का चालतो? दोन स्क्रीनची तक्रार सोडवा आणि तपासणीचे पैसे कमवा



या आठवड्याचा व्हिडिओ कॉम्प्युटर सर्व्हिसचं दुकान टाकू पाहणाऱ्यांसाठी आहे. व्हिडिओत स्टेप्स भराभर जातात, म्हणून इथे क्रमाने लिहून देतोय. प्रिंट काढा आणि दुकानात टेबलासमोर चिकटवा.

गिऱ्हाईक काय सांगतं?

समजा तुमचं दुकान सावद्यात आहे. एक कॉलेजचा मुलगा येतो. त्याने गेमिंगसाठी १४४ हर्ट्‌झचा नवा मॉनिटर घेतलाय. शेजारी वडिलांच्या केळीच्या ऑफिसातला जुना ६० हर्ट्‌झचा मॉनिटर लावलाय. एका स्क्रीनवर गेम, दुसऱ्यावर यूट्यूब. तो म्हणतो, "भाऊ, नवा मॉनिटर खराब निघाला. गेम अडकत अडकत चालतो."

इथे आपली परीक्षा असते. मी या परीक्षेत एकदा नापास झालोय. माझं दुकान होतं तेव्हा अशाच तक्रारीवर मी एका मुलाला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावलं. कार्ड बसवलं, तक्रार तशीच. शेवटी कळलं की विंडोजमध्ये रेट ६० वरच होता. दोन मिनिटांचं काम! मी कार्ड परत घेतलं, नुकसान सोसलं. पण तो मुलगा पुन्हा आला नाही आणि त्याचे मित्रही आले नाहीत. छोट्या गावात जाहिरातीपेक्षा अशी गोष्ट लवकर पसरते.

म्हणून आजचा एकच धडा: आधी तपासा, मग विका. आणि तपासणीचे पैसे घ्या.

आधी बिघाड समजून घ्या

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा. ६० हर्ट्‌झवर दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र येतं. १४४ हर्ट्‌झवर दर ६.९ मिलिसेकंदाला. दोन वेगवेगळे मॉनिटर एकाच पीसीला लावणं ही चूक नाही. प्रत्येक मॉनिटर आपापल्या रेटवर चालू शकतो.

पण विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अडचण होती. ६० च्या स्क्रीनवर व्हिडिओ सुरू झाला की १४४ ची स्क्रीनही अडखळायची. अरुंद रस्त्यावर पुढे केळीने भरलेला ट्रॅक्टर असला की मागच्या मोटरसायकललाही हळू जावं लागतं, तसंच. मे २०२० च्या अपडेटमध्ये, म्हणजे आवृत्ती २००४ मध्ये, यात मोठी सुधारणा झाली. तरीही तक्रारी येतात, कारण बहुतेक वेळा दोष सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये असतो.

तपासणीचा क्रम

क्रम बदलू नका. फुकटचे उपाय आधी, पैशाचे नंतर.

१. दुसरा मॉनिटर काढून बघा. केबल काढा आणि गेम चालवा. गेम सुरळीत झाला तर दोष दोन स्क्रीनच्या जोडणीत आहे. तरीही अडकत असेल तर स्टेप ३ आणि ४ नीट करा. त्यातही काही सापडलं नाही तर गेमच्या सेटिंग, ड्रायव्हर किंवा पीसीची ताकद बघा. या एका चाचणीत निम्मं काम होतं.

२. डुप्लिकेट की एक्स्टेंड? विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. डुप्लिकेट असेल तर दोन्हीकडे एकच चित्र जातं आणि बहुधा हळू मॉनिटरचा रेट दोघांना लागतो. एक्स्टेंड करा.

३. विंडोजमधला रेट. सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. इथे वरती आधी योग्य मॉनिटर निवडा. बरेच जण इथेच चुकतात आणि दुसऱ्याच मॉनिटरचा रेट बघत बसतात. नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवतं. १४४ निवडा. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन तिथेही १४४ दिसतंय का ते बघा.

४. यादीत १४४ दिसतच नाही? मग केबल आणि पोर्ट बघा.
- केबल मदरबोर्डच्या पोर्टला आहे का? ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला लावा.
- मधे एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आहे का? त्यावर १४४ ची अपेक्षा धरू नका.
- जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर फुल एचडीला साधारण १२० पर्यंतच रेट मिळतो, काही मॉनिटरवर त्याहून कमी.
- गेमिंग मॉनिटर शक्यतो डिस्प्लेपोर्टला लावा. जुना ६० चा मॉनिटर एचडीएमआयवर निवांत चालतो.

५. प्राथमिक स्क्रीन. डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ च्या मॉनिटरला 'मेन डिस्प्ले' करा. गेम उघडून बघा. गेमच्या आतही रेट, फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक तपासा. विंडोजमध्ये १४४ आणि गेममध्ये ६० ची मर्यादा, असं खूपदा सापडतं.

६. विंडोज आणि ड्रायव्हर. विंडोजची आवृत्ती जुनी असेल तर अपडेट करा. ग्राफिक्स ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

७. फक्त व्हिडिओ लावल्यावरच अडकतं? ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. फरक पडला नाही तर परत चालू करा. गेम 'बॉर्डरलेस'ऐवजी फुलस्क्रीनमध्ये चालवून बघा.

८. शेवटचा उपाय, १२० हर्ट्‌झ. १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही, १२० ला जातो. काही पीसीवर १२० ठेवल्यावर दोन्ही स्क्रीन शांत चालतात. आणखी एक फायदा आहे. वेगवेगळ्या रेटचे दोन मॉनिटर असले की काही ग्राफिक्स कार्ड काम नसतानाही पूर्ण थंड होत नाहीत. १२० वर आणल्यावर कधीकधी हा त्रास कमी होतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात हा फरक छोटा नाही.

प्रत्येक स्टेपनंतर एकच गोष्ट बदला आणि तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं झालं ते तुम्हालाच कळणार नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोग होणार नाही.

आता धंद्याचं गणित

हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका. समजा १२,००० चा मॉनिटर विकला आणि ५ टक्के सुटले, तर ६०० रुपये मिळाले. त्यासाठी १२,००० गुंतले. माल परत आला तर डोकेदुखी वेगळी. आता समजा तपासणीचे ३०० घेतले आणि एका केबलवर १०० सुटले. ४०० रुपये मिळाले, आणि गुंतवणूक फक्त केबलची. शिवाय पोरगा बाहेर जाऊन सांगतो, "भाऊने नवीन घ्यायला लावलं नाही."

तीन नियम पाळा:
- तपासणीची फी आधी सांगा. काम झाल्यावर सांगितली की दोन मिनिटांचे कसले पैसे, असं ऐकावं लागतं. पैसे दोन मिनिटांचे नसतात, काय बघायचं हे माहीत असण्याचे असतात.
- खात्रीची एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय केबल टेबलावर ठेवा. ती विकायची नाही, फक्त तपासायला वापरायची.
- रेटचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. झालेलं काम डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आणि खरं बोला. ६० चा मॉनिटर कुठल्याही सेटिंगने १४४ चा होणार नाही. पोर्टच जुनं असेल तर तसं सांगा. सगळ्या स्टेप्स करूनही दोष राहिला आणि दुसऱ्या पीसीवरही तोच मॉनिटर तसाच वागला, तरच मॉनिटर वॉरंटीला पाठवा. तोपर्यंत 'खराब आहे' हा शब्द तोंडातून काढू नका. गिऱ्हाइकाच्या घरचे पैसे त्या शब्दावर खर्च होतात.

होमवर्क: या आठवड्यात स्वतःच्या किंवा मित्राच्या पीसीला दोन मॉनिटर लावा. मुद्दाम रेट ६० वर आणा, केबल मदरबोर्डला लावा, डुप्लिकेट करा. मग वरच्या क्रमाने दोष शोधा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पंधरा मिनिटांच्या आत आलात की फीचा बोर्ड लावायला हरकत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. शिकत राहा, कमवत राहा!