तपासणीची रांग का वाढते?

कोलशेत रस्त्याने सकाळी कापूरबावडी नाक्याकडे जाणाऱ्या वाहनांची रांग ठाणेकरांना चांगली परिचयाची आहे. या रांगेची एक गंमत तुमच्या ध्यानात आली आहे का? वाहने थोडीशीच वाढतात, रांग मात्र एकदम दुपटीने लांबते. असे का व्हावे? याचे उत्तर गणितात आहे, आणि तेच गणित जगभरच्या संगणक-आज्ञावलींनाही लागू पडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. काही आज्ञावलींचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो. तो कोणीही वाचावा, वापरावा आणि सुधारावा. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही अशीच आज्ञावली. आपल्याकडेही हे काम चालते. पवईच्या आय. आय. टी.मधील 'फॉसी' प्रकल्पाने विद्युत-मंडले आखण्यासाठी 'ई-सिम' ही मुक्त आज्ञावली तयार केली. याच प्रकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेल्या उदाहरणांसाठी आज्ञावली लिहितात व परीक्षक त्या तपासतात. उद्योगधंद्यांचे हिशेब ठेवणारी 'ईआरपीनेक्स्ट' ही मुक्त आज्ञावली तर मुंबईतच जन्मली.

कोणीही दुरुस्ती सुचवावी, हे ऐकायला छान वाटते. परंतु आलेली प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून स्वीकारली तर काय होईल? म्हणून तिला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली यंत्राची : नवा मजकूर जुन्यात मिसळून सगळी आज्ञावली पुन्हा जुळवायची व ती नीट चालते का हे पाहायचे. या जुळणीला 'बिल्ड' म्हणतात. दुसरी परीक्षा माणसाची : जाणकाराने मजकूर वाचून तो बरोबर व सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचे.

दुसऱ्या परीक्षेत चूक निसटली तर काय होते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. इंटरनेटवरील संदेश गुप्त ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत २०११ च्या अखेरच्या दिवशी एक दुरुस्ती स्वीकारली गेली. दूरच्या संगणकाने "हा माझा शब्द, तो इतक्या अक्षरांचा आहे, परत म्हणून दाखव" असे सांगितले, तर शब्द खरोखर तेवढा लांब आहे का, हे पाहायचे त्यात राहून गेले. तीन अक्षरांचा शब्द देऊन "हा हजार अक्षरांचा आहे" असे सांगितले, की संगणक स्वतःच्या स्मृतीतील पुढची अक्षरेही देऊन टाकी. त्यांत एखाद्याचा परवलीचा शब्दही असू शके! ही चूक एप्रिल २०१४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने, उघडकीस आली.

रांगेचा पहिला नियम

तपासणारे थोडे आणि दुरुस्त्या पुष्कळ, त्यामुळे रांग लागते. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली रांगेविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला :

रांगेतील सरासरी संख्या = येण्याचा दर × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम

समजा, एका प्रकल्पात आठवड्याला १२ दुरुस्त्या येतात आणि सरासरी ३६ दुरुस्त्या तपासणीच्या रांगेत असतात. तर प्रत्येकीचा मुक्काम ३६ ÷ १२ = ३ आठवडे. रांग फार काळ वाढत वा घटत नसेल, तर हा नियम कोठेही लागू पडतो. शाळेच्या ग्रंथालयातून रोज २० पुस्तके जात असतील आणि प्रत्येक सरासरी ७ दिवसांनी परत येत असेल, तर कोणत्याही दिवशी सुमारे १४० पुस्तके मुलांच्या घरी असणार.

थोड्या वाढीने एवढा फरक का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एक परीक्षक आठवड्याला सरासरी १० दुरुस्त्या तपासू शकतो. दुरुस्त्या मात्र वेळापत्रक लावून येत नाहीत, आणि एखादी तपासायला दहा मिनिटे लागतात तर एखादीला अख्खा दिवस. अशा अनियमित रांगेचे गणित केले, तर तपासणी चालू असलेली धरून सरासरी संख्या अशी येते :

आठवड्याला ५ आल्या, तर १
आठवड्याला ८ आल्या, तर ४
आठवड्याला ९ आल्या, तर ९
आठवड्याला साडेनऊ आल्या, तर १९

शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. आवक फक्त अर्ध्याने वाढली, रांग दुपटीहून अधिक झाली! आवक १० झाली, की रांग कधीच स्थिरावत नाही. कारण असे, की परीक्षकाचा रिकामा गेलेला तास साठवून ठेवता येत नाही. सोमवारी काहीच आले नाही आणि मंगळवारी सहा आल्या, तर सोमवारची सवड मंगळवारी उपयोगी पडत नाही. म्हणून 'दहाची क्षमता आहे, तर दहा येऊ देत' हा हिशेब फसतो. परीक्षकाजवळ थोडी सवड असणे ही चैन नव्हे, गरज आहे. वह्यांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको!

जुळणी का फसते?

आता यंत्राच्या परीक्षेकडे वळू. समजा, प्रत्येक दुरुस्ती निर्दोष असण्याची शक्यता शेकडा ९५ आहे. वीस दुरुस्त्या साचवून एकदम मिसळल्या, तर सर्व निर्दोष असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. तीनपैकी जवळजवळ दोन वेळा जुळणी फसणार! पाचच मिसळल्या, तर शक्यता ०.७७ राहते.

मग एकेक तपासावी का? त्याला २० चाचण्या लागतील. पाचपाचांचे चार गट करून, फसलेल्या गटातील दुरुस्त्याच एकेक तपासल्या, तर सरासरी साडेआठ चाचण्या पुरतात. पण वीसांचा एकच गट केला, तर सुमारे १४ लागतात. गट फार लहान नको, फार मोठाही नको. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ साली सैनिकांच्या रक्ततपासणीसाठी हीच युक्ती सुचवली होती. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या चाचण्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, रुग्णांचे प्रमाण कमी असेल तेथे, जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र करण्यास अनुमती दिली, तीही याच तत्त्वावर.

हजार दुरुस्त्यांनंतर बिघाड लक्षात आला, तर दोषी कशी शोधावी? मधली, म्हणजे पाचशेवी अवस्था तपासा. ती चांगली असेल तर दोष नंतरचा, नसेल तर आधीचा. दर वेळी निम्मा भाग वगळला जातो. २ चा दहावा घात १०२४, म्हणून दहा चाचण्यांत काम होते. टॉर्वाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या 'गिट' या साधनात ही सोय आहे.

यंत्रापलीकडचा प्रश्न

उपाय आता उघड आहेत. दुरुस्ती लहान असावी, यंत्राची परीक्षा आधी व्हावी, आणि तपासणारे हात वाढावेत. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत अवघड. 'एक्सझेड' ही माहिती आटोपशीर करणारी आज्ञावली असंख्य संगणकांवर वापरली जाते, पण तिचा भार मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यावर टीका झाली, आणि मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने हळूहळू विश्वास मिळवून आज्ञावलीत चोरवाट ठेवली. तिचा काही भाग चाचणीसाठीच्या फायलींतच दडवला होता! मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे दिसले. त्याने त्याचे कारण शोधले आणि मोठा अनर्थ टळला.

तेव्हा फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीमागे कोणाची तरी मेहनत असते, हे विसरू नका. नवी दुरुस्ती पाठवण्याइतकेच दुसऱ्याची काळजीपूर्वक वाचणे, हेही मोलाचे काम आहे.

करून पाहा

१. ग्रंथालय किंवा तिकीट खिडकीपाशी अर्धा तास थांबून येण्याचा दर, सरासरी रांग आणि मुक्काम मोजा. लिटलचा नियम पडताळून पाहा.
२. मित्राने १ ते १२८ मधील एक संख्या मनात धरली आहे. 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येणारे किती प्रश्न पुरतील? (उत्तर : ७)
३. प्रत्येक दुरुस्ती निर्दोष असण्याची शक्यता ०.९९ असेल, तर वीस एकत्र मिसळल्यावर जुळणी यशस्वी होण्याची शक्यता किती? (उत्तर : सुमारे ०.८२)