अंगणातले पाहुणे

मुलांनो, मे महिन्यातली एखादी दुपार आठवा. रस्ता ओस पडलेला असतो. घरावरचे पत्रे तापलेले असतात. विदर्भात आणि मराठवाड्यात तर पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आपण माठातले गार पाणी पितो आणि सावलीत बसतो. पण भिंतीवर बसलेली चिमणी मात्र चोच उघडून धापा टाकत असते. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. असे धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात. त्यात शरीरातले पाणी कमी होते. मग तिने पाणी कोठे शोधावे?

पूर्वी घरोघरी धान्य निवडले, पाखडले जाई. सुपातून सांडलेले दाणे अंगणात पडत. चिमण्या ते टिपत. कौलांच्या फटीत किंवा भिंतीवरच्या तसबिरीमागे त्या घरटे बांधत. आता पुष्कळ घरांत पीठ पिशवीतूनच येते. सिमेंटच्या भिंतींना फटी नसतात. भारतातील पक्ष्यांविषयी २०२० साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. देशभर पाहिले तर चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, पण मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ती घटत चालली आहे, असे त्यात सांगितले आहे.

मग आपणच चिमणीला बोलावू या. त्यासाठी बाजारातून काही महाग आणायला नको. दाण्यांची एक बाटली घरीच तयार करता येते.

साहित्य : एक लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली, दोन लाकडी चमचे, मजबूत सुतळी, बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी.

कृती :

१. बाटली स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर दाण्यांना बुरशी लागते.

२. बाटलीच्या तळापासून चार बोटे वर, समोरासमोर दोन भोके पाडा. हे काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या. एक भोक चमच्याच्या दांड्याएवढे आणि दुसरे किंचित मोठे असावे.

३. मोठ्या भोकातून चमच्याचा दांडा आत घाला आणि लहान भोकातून बाहेर काढा. चमच्याचा खोलगट भाग मोठ्या भोकाजवळ बाहेर राहील. दाणे हळूहळू त्यात उतरतील. पलीकडे निघालेल्या दांड्यावर पक्षी बसू शकेल.

४. पहिल्या चमच्याच्या थोडे वर, आडव्या दिशेने दुसरा चमचा तसाच बसवा.

५. तळाला चार-पाच बारीक छिद्रे पाडा, म्हणजे आत गेलेले पाणी गळून जाईल.

६. बाटलीत दाणे भरा, झाकण घट्ट लावा आणि गळ्याला सुतळी बांधून ती टांगा.

बाटली मांजराची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, सावलीत टांगावी. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर टांगू नये. काचेत झाडाचे प्रतिबिंब दिसते आणि पक्षी फसून काचेवर आदळतात. फरसाण, वेफर्स, बिस्किटे असे खारट, तेलकट किंवा गोड पदार्थ पक्ष्यांना घालू नयेत. बुलबुल दाणे खायला येणार नाही. त्याच्यासाठी पिकलेल्या पपईची फोड ठेवा. खारही तिचा वास घेत येईल.

पहिल्या दिवशी कोणीच आले नाही, तर निराश होऊ नका. पक्षी नवी वस्तू दुरून पाहतात. तिची खात्री पटायला त्यांना काही दिवस लागतात.

दाण्यांजवळ पाणीही हवे. त्यासाठी मातीचे उथळ भांडे घ्या. पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नको. मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला त्यावर उभे राहता येईल. पाणी रोज बदला आणि भांडे आतून घासा. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. आठवडा-दहा दिवसांत त्यांतून नवे डास तयार होतात. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी शेजाऱ्यांना ताप आणणारे ठरू नये.

आता एक महत्त्वाची गोष्ट नीट समजून घ्या. खाऊ घालणे चांगले, पण कोणाला, किती आणि कसे, हे कळले नाही तर भले करताना वाईट घडते.

ब्रिटनमध्ये घराच्या बागेत पक्ष्यांना दाणे घालण्याची जुनी आवड आहे. तेथे २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांत घशाचा एक रोग पसरला आणि त्यांची संख्या फार घटली. आजारी पक्ष्याची लाळ दाण्यांना आणि पाण्याला लागते. तेच निरोगी पक्ष्याच्या पोटात जाते. म्हणून दाण्यांची बाटली दर आठवड्याला धुऊन वाळवलीच पाहिजे. नंतर हातही साबणाने धुवावेत.

अमेरिकेत काही लोक परसात लाकडी खोके ठोकून हरिणांसाठी मका ठेवतात. हरीण दाराशी आले की त्यांना आनंद होतो. पण तेथील हरिणांत एक असाध्य रोग आहे. तो प्रथम १९६७ साली कोलोरॅडो राज्यात दिसला. आता तो तिसाहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. लाळ, मूत्र आणि विष्ठा यांतून तो पसरतो. एका खोक्यापाशी अनेक हरिणे तोंड घालतात, तेव्हा त्याला वाट मिळते. शिवाय एकदम पुष्कळ मका खाल्ल्याने हरणाचे पोट बिघडून ते मरूही शकते. म्हणून तेथील अनेक राज्यांनी हरिणांना खाऊ घालण्यावर बंदी आणली आहे.

आपल्याकडे मुंबईच्या कबुतरखान्यांत अनेक वर्षे भरपूर धान्य टाकले गेले. तेथे कबुतरांचे थवेच्या थवे जमू लागले. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्यास काही माणसांना फुप्फुसांचा आजार होतो. म्हणून २०२५ साली महानगरपालिकेने कबुतरखाने बंद करण्याची कारवाई केली. हा वाद उच्च न्यायालयातही गेला.

यावरून आपण तीन नियम लक्षात ठेवू. दाणे थोडे ठेवावेत. भांडी स्वच्छ ठेवावीत. हरीण, माकड यांसारख्या रानातल्या प्राण्यांना हाताने खाऊ घालू नये. घाटात माकडांपुढे केळी टाकणारे प्रवासी पुढे निघून जातात. पण माकडे रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाड्यांखाली येतात. चितळ आणि काळवीट यांना आपला मका नको, त्यांचे गवत आणि पाणवठे हवेत. चिमणीलाही केवळ दाणे पुरत नाहीत. ती आपल्या पिलांना किडे-अळ्या भरवते. म्हणून दारातल्या झाडांवर उगाच विषारी औषध फवारू नका.

पाहुणे येऊ लागले की एक वही करा. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव आणि त्याने काय खाल्ले, हे लिहा. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्यांना पडला. तो विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका प्रश्नातून त्यांचे सारे आयुष्य घडले. तुम्हाला तर बंदुकीचीही गरज नाही. डोळे, वही आणि थोडा धीर पुरे.

उर्दूत ज्याला आपण मेहमाननवाजी म्हणतो, त्यालाच मराठीत पाहुणचार म्हणतात. पाहुण्याला ताजे अन्न आणि स्वच्छ पाणी द्यावे आणि त्याला त्याच्या घरी सुखरूप जाऊ द्यावे, हाच खरा पाहुणचार.

शब्दार्थ
ओस – निर्जन, रिकामा
तसबीर – चौकटीतले चित्र
परस – घराच्या मागची मोकळी जागा
असाध्य – बरा न होणारा
पाणवठा – पाणी पिण्याची जागा
धीर – सबुरी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पक्षी अंगातली उष्णता कशी बाहेर टाकतात?
(आ) बाटली काचेसमोर का टांगू नये?
२. कारणे सांगा.
(अ) पक्ष्यांचे पाणी रोज बदलावे.
(आ) हरिणांना खाऊ घालू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : उथळ, स्वच्छ, निरोगी, जुना.
४. उपक्रम : दाण्यांची बाटली तयार करा. पंधरा दिवस नोंदी ठेवून त्या वर्गात वाचून दाखवा.